भिंतींनो, जरा मागे सरा

नमस्कार श्रोतेहो,

सोळाव्या वर्षी मी एक गाणं लिहिलं होतं. रॉक गाणं, आणि तेही मराठीत. ‘भिंतींनो, जरा मागे सरा, मला हात पसरायचेत’ हे त्याचं ध्रुवपद. परवा आवराआवरी करताना त्याची कॅसेट सापडली. फीत सैल पडली होती, म्हणून पेन्सिल घालून गुंडाळली आणि लावली. आधी नुसती खरखर, मग ‘एक, दोन, तीन, चार’ मोजणारा माझाच आवाज. फुटण्याच्या वयातला आवाज तो, ‘चार’वर चिरकतो. मी जागच्या जागी खाली बसलो.

गिटार मला तेव्हा दोन बोटांपुरतीच येत होती. एकदम छेडलेल्या स्वरांना कॉर्ड म्हणतात; त्यातली रॉकमध्ये जिला पॉवर कॉर्ड म्हणतात, तेवढी. आपल्या भाषेत सांगायचं तर नुसते षड्ज आणि पंचम, मधला गंधार गायब. गंधार नाही म्हणून ती धड मेजर, म्हणजे उजळ, नाही; धड मायनर, म्हणजे उदास, तीही नाही. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारी करामत, लावलं की प्रत्येक स्वरातून आणखी कितीतरी स्वर उसळतात. त्यात गंधार घातला तर सगळा गढूळ कल्लोळ होतो, पण सा आणि प खणखणीत उभे राहतात. हे सगळं मला फार नंतर कळलं. सोळाव्या वर्षी मी चिडलोय की रडवेला झालोय, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं, आणि हाताशी आलेली कॉर्डही नेमकी तशीच होती. हे आठवलं की आजही मला त्या पोराबद्दल माया वाटते.

गाण्यात एक चूक आहे. ‘मागे सरा’नंतर चार मात्रा जायला हव्यात, तिथे तीनच जातात. मला थांबवत नव्हतं, मी पुढची ओळ आधीच सुरू करायचो. आमच्या ड्रमरने कधी हटकलं नाही. तोही माझ्याबरोबर एक मात्रा आधी समेवर यायचा.

पुढे शिकलो-सवरलो आणि ती जागा खुपायला लागली. पस्तिशीत गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. कानात ठेका मोजणारी क्लिक, चौथी मात्रा जागेवर, कॉर्डमध्ये गंधार, आवाज सुरेल. ऐकलं, आणि गाण्यात कुणीच नव्हतं. चौथ्या मात्रेला तो मुलगा शांतपणे वाट बघत उभा होता. ज्याला भिंती सरकवायच्यात, तो वाट बघेल कशाला?

बीटल्सच्या लेनन आणि मॅकार्टनी यांनी किशोरवयात आगगाडीवर एक साधंसं गाणं लिहिलं होतं, ‘वन आफ्टर ९०९’. १९६३ मध्ये ते स्टुडिओत रेकॉर्ड करून पाहिलं, पण बाजूला ठेवलं. मग ३० जानेवारी १९६९ ला, लंडनमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर, भर थंडीत त्यांनी तेच गाणं वाजवलं. लेनन अठ्ठावीस वर्षांचा, मॅकार्टनी सव्वीसचा. मधल्या काळात त्यांनी किती अवघड, किती श्रीमंत रचना केल्या होत्या! तरीही ते पोरवयातलं गाणं त्यांनी उगाच नटवलं नाही, सरळ रॉक अँड रोल म्हणून दणकावलं. पुढच्या वर्षी अल्बममध्ये गच्चीवरचं तेच वादन आलं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो.

कॅसेट ऐकून झाल्यावर मी आमच्या ड्रमरला फोन केला. कितीतरी वर्षांनी. म्हटलं, “ते भिंतींचं गाणं आठवतंय का रे?” तो काही बोलला नाही. पलीकडून टेबलावर बोटांचा ठेका ऐकू यायला लागला. मी हळूच ध्रुवपद धरलं. ‘मागे सरा’ म्हटलं, आणि तो बरोब्बर एक मात्रा आधी समेवर आला.

कॅसेट मी आज सोबत आणली आहे. खरखर आहे, तीही राहू दे. ऐका.