तारीख

मी चौथीत होतो तेव्हाची गोष्ट सांगतो. बांधावरून भांडण झालं, दोन्हीकडून काठ्या निघाल्या, आणि माझा काका जेलमध्ये गेला. कोणतं जेल ते सोडा, मोठी भिंत आणि छोटा दरवाजा, सगळी जेलं बाहेरून सारखीच दिसतात. आजी मला घेऊन मुलाकातीला गेली, पहाटे उठून तिने कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, फडक्यात बांधलेल्या, सोबत मिरचीचा ठेचा. गेटवरच्या शिपायाने ती भाकरी हातात घेतली आणि मोडली. आधी दोन तुकडे, मग चार, आत काही लपवलंय का बघायला. त्याचं कामच होतं ते, पण आजी त्या तुकड्यांकडे बघत राहिली आणि मग जाळीपलीकडे काका आला तेव्हा तिने एकच विचारलं, "जेवना का?" काका म्हणाला जेवलो. मग दोघं गप्प. मग काकाने विचारलं, "तारीख कधीची पडली?"

आज तुम्ही मला कैद्यांच्या इतिहासावर बोलायला बोलावलंय, तर मला त्या तारखेबद्दलच बोलायचंय.

आपल्याला वाटतं गुन्हा केला की जेल, हे जगाच्या सुरुवातीपासून चालत आलंय. तसं नाहीये. जुन्या काळात शिक्षा म्हणजे दंड, फटके, हात तोडणं, हद्दपारी, नाहीतर मरण. कोठडी होती ती बहुतेक वेळा शिक्षा होईपर्यंत माणूस धरून ठेवायला. सॉक्रेटिसचंच बघा ना, इसवीसनापूर्वी ३९९ साली त्याला मरणाची शिक्षा झाली, पण अथेन्सचं एक पवित्र जहाज डेलॉस बेटावर गेलेलं होतं आणि ते परत येईपर्यंत शहरात कोणाला मारायचं नाही असा नियम, म्हणून तो महिनाभर कोठडीत बसून राहिला. जहाजाची वाट बघत. कोठडी म्हणजे थांबायची जागा.

आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बंधनागार कसं बांधायचं ते लिहिलंय, बायका आणि पुरुष वेगळे ठेवा, विहीर पाहिजे, शौचाची सोय पाहिजे. आणि राजाच्या जन्मनक्षत्राला आणि पौर्णिमेला पोरं, म्हातारे, आजारी, अनाथ यांना सोडून द्या म्हणून सांगितलंय. अशोकाने तर स्तंभावर कोरून ठेवलंय की राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं होईपर्यंत मी पंचवीस वेळा कैदी सोडले. म्हणजे जवळपास दरवर्षी एकदा. दगडात कोरण्याइतकी ही गोष्ट त्याला मोठी वाटली, हे मला फार भावतं.

आता आपल्या खानदेशात या. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या वेळी खानदेशची राजधानी तीच. त्याच्या जवळचा असीरगड अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतला आणि शेवटचा सुलतान बहादूरशहा याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवून दिलं. आणि खानदेशचं नाव बदलून दानदेश ठेवलं, शहजादा दानियालच्या नावावरून! ते नाव टिकलं नाही, आपण खानदेशीच राहिलो. पुढे वीसेक वर्षांनी त्याच बुऱ्हाणपुरात जहांगीरचा थोरला मुलगा खुसरो कैदेत होता. बापाविरुद्ध बंड केलं म्हणून आधी डोळे गेले, मग वर्षानुवर्षं याच्या ताब्यातून त्याच्या ताब्यात, शेवटी सख्ख्या नसलेल्या भावाच्या, म्हणजे पुढच्या शहाजहानच्या ताब्यात, आणि १६२२ मध्ये तिथेच मेला. किती दिवस ठेवायचं हे कोणी ठरवलेलंच नव्हतं, त्याच्या बेड्यांपेक्षा मला तेच जास्त भयंकर वाटतं.

शिक्षा म्हणून ठरावीक मुदतीची कैद, दोन वर्षं, सात वर्षं, ही पद्धत सगळीकडे पसरली ती गेल्या दोन-अडीचशे वर्षांत. इंग्लंडमध्ये जॉन हॉवर्ड नावाचा माणूस १७७३ मध्ये एका परगण्याचा शेरीफ झाला, म्हणजे तिथलं जेल त्याच्या देखरेखीखाली आलं, आणि तो जेल बघायला आत गेला. तिथे त्याला काय दिसलं, तर निर्दोष सुटलेली माणसं आतच होती! का, तर जेलरला पगार नव्हता, तो कैद्यांकडून फी घ्यायचा, आणि फी भरली नाही म्हणून सुटलेला माणूस दाराच्या आतच. मग हा गडी गावोगावची जेलं फिरत सुटला, युरोपभर फिरला, आणि १७९० मध्ये तेव्हाच्या रशियातल्या खेरसोनमध्ये तापाने गेला, त्या काळी ज्याला जेलचा ताप म्हणायचे बहुतेक तोच.

इंग्रजांनी ते जेल आपल्याकडे आणलं, बराकी, गिनती, चक्की सगळं. १८५५ मध्ये बिहारात आरा आणि मुझफ्फरपूरच्या जेलमध्ये कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी द्यायला गेले तर दंगा पेटला, गावातले लोकसुद्धा रस्त्यावर आले. लोट्यासाठी? हो, लोट्यासाठी. घरदार, कपडे, नाव सगळं गेल्यावर माणसाजवळ जे एक स्वतःचं उरतं ना, ते होतं ते.

आणि आपलं धुळ्याचं जेल. १९३२ मध्ये विनोबा तिथे होते, साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे, अठरा रविवार आणि अठरा अध्याय, आणि गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. आपण ते अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण ते शिक्षा झालेले सत्याग्रही होते, आपण कधी सुटणार याचा त्यांना अंदाज होता. रविवार मोजता येत होते.

माझ्या काकाला मोजता येत नव्हतं. तो कच्चा कैदी होता, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा बाकी, शिक्षा झालेली नाही, तरी आत. जामीन मंजूर झाला होता हो, पण जामीनदार पाहिजे, त्याची सॉल्व्हन्सी, म्हणजे ऐपतीचा दाखला पाहिजे, सातबारा पाहिजे, आणि जमीन तर त्याच भांडणात अडकलेली. आपल्या देशात २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे जेलमध्ये ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. चारातले तीन. म्हणजे सॉक्रेटिससारखे थांबलेले, फक्त यांचं जहाज कुठे आहे ते कोणी सांगत नाही. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे बिहारची प्रकरणं आली तेव्हा कळलं की गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्यापेक्षा जास्त दिवस लोक आत होते, खटला सुरूच नाही.

म्हणून एक काम सांगतो, लिहून घ्या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झालाय, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आत राहिला की त्याला बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर सोडायचं, आणि तसा अर्ज जेलच्या अधीक्षकानेच कोर्टात करायचा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. पण बाकीच्यांना आहे. तुमच्या गावातला कोणी आत असेल तर अटकेची तारीख शोधा आणि दिवस मोजा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

काका चौदा महिन्यांनी निर्दोष सुटला. निकाल दुपारी लागला, पण कागद जेलवर पोचेपर्यंत सुटकेची वेळ निघून गेली, म्हणून ती एक रात्र तो आतच झोपला, निर्दोष. सकाळी आम्ही गेटवर होतो. आजीने परत भाकरी आणली होती, अख्खी, आणि तिथेच लिंबाखाली बसून तिने त्याला ती खायला लावली.