दहा सेंटिमीटर वायरची गोष्ट

नमस्कार मंडळी! आत्ता तुमच्यातलं कुणी ठाणे-वाशी लोकलमध्ये असेल, ऐरोली-रबाळेच्या आसपास, आणि मोबाईलवर एफएम ऐकत असेल, तर इयरफोनचा प्लग जरा उपटून बघा. बहुतेक फोन लगेच कुरकुर करतात की बाबा इयरफोन लाव, कारण ती वायर कानापर्यंत आवाज नेतेच पण फोनची अँटेनाही तीच असते. वायर एकच, पण आवाजाच्या फ्रिक्वेन्सीला वेगळी वागते आणि एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला वेगळी. माझी पंचाईत नेमकी इथेच झाली होती.

मी महापे एमआयडीसीत सिम्युलेशनचं, म्हणजे वस्तू कशी वागेल ते कॉम्प्युटरवर आधीच करून बघण्याचं काम करतो. एका मशीनचा कंट्रोल बॉक्स होता, त्याच्या अर्थिंगला १० सेंटिमीटरची, १ मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर. मी कॉम्प्युटरवर तिला शून्य ओहम धरलं, कारण मीटर लावला तर ती जेमतेम २ मिलीओहम दाखवणार, शून्यच की! सिम्युलेशन पास. विद्युत गोंगाटाच्या (ईएमआय) टेस्टला बॉक्स गेला आणि १०० मेगाहर्ट्झच्या आसपास साफ नापास.

मला वाटलं, स्किन इफेक्ट विसरलो. म्हणजे काय, तर करंटची दिशा जितकी भराभर बदलते तितका तो वायरच्या कडेने पळतो, कारण त्याचंच बदलतं चुंबकीय क्षेत्र आतल्या करंटला विरोध करतं. लोकलमध्ये नाही का, पुढच्याच स्टेशनला उतरणारा माणूस दारातच लटकतो, आत कशाला शिरेल? घरच्या ५० हर्ट्झला करंट तांब्यात ९ मिलिमीटर आत जातो म्हणजे आपली वायर पूर्ण भरून वाहते, आणि १०० मेगाहर्ट्झला फक्त ६.६ मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी.

मग मी शहाणपणा केला. त्या पातळ सालीत करंट दिसावा म्हणून वायरच्या आत २ मायक्रॉनचा मेश टाकला, म्हणजे हिशोबासाठी तिचे तेवढाले बारीक चौकोनी तुकडे पाडले. कॉम्प्युटर संध्याकाळी लावून घरी गेलो, सकाळी बघतो तर मेमरी फुल्ल होऊन मेलेला. नंतर हिशोब केला तर अशी जवळजवळ हजार कोटी घरं होत होती, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

आमच्याकडे एक सीनियर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, "अरे आत कशाला शिरतोस, करंट आत जातच नाही तर आतलं सोडवायचं कशाला? पृष्ठभागालाच इंपीडन्स, म्हणजे बदलत्या करंटला होणारा एकूण अडथळा, दे आणि मोकळा हो." आणि लगेच चहाच्या बिलामागे गणित मांडलं. स्किन इफेक्ट धरूनही त्या वायरचा रेझिस्टन्स होतो ०.०८ ओहम. डीसीच्या, म्हणजे मीटरवाल्या २ मिलीओहमच्या चाळीसपट खरा, पण तरी किरकोळच. आणि इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला वायर स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राने करते तो विरोध? सरळ बारीक वायरला मोघम हिशोबाने मिलिमीटरमागे १ नॅनोहेन्री, म्हणजे १०० नॅनोहेन्री, आणि १०० मेगाहर्ट्झला त्याचे होतात ६३ ओहम! मी ज्याला शॉर्ट समजत होतो तिथे ६३ ओहम बसलेले, आणि मी रात्रभर ०.०८ च्या मागे धावत होतो. स्किन इफेक्टचं नाव फार झालंय हो, अशा वायरमध्ये खरा घोळ इंडक्टन्सच घालतो.

एक मात्र सांगतो, पृष्ठभागाची ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ५० हर्ट्झला करंट आरपार भरलेला असतो, तिथे वापरली तर उत्तर चुकतं. आणि फ्रिक्वेन्सी आणखी वाढवत ७५० मेगाहर्ट्झच्या जवळ नेली की ती १० सेंटिमीटर वायर पाव तरंगलांबीची होते. मग तिला नुसती इंडक्टर म्हणूनही भागत नाही, ती सरळ अँटेना होऊन बसते, तुमच्या इयरफोनसारखीच.

शेवटी वायर काढली आणि ३ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर रुंद तांब्याची पट्टी धरली. इंडक्टन्स साधारण १० नॅनोहेन्रीवर, म्हणजे ६ ओहम. सिम्युलेशनमध्ये गोंगाटाचा ग्राफ मस्त खाली आला, मी खुशीत काकांना दाखवायला गेलो. त्यांनी ग्राफकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणाले, "खऱ्या बॉक्सवर पट्टीखालचा पेंट खरवडलास का?"

नव्हता खरवडला. पॉलिश पेपर घेऊन खाली गेलो.