एग टार्ट : लिस्बनचा आणि हाँगकाँगचा

श्रोतेहो, नमस्कार. पोर्तुगालचा पश्तेल द नाता आणि हाँगकाँगचा दान तात एका बशीत ठेवले, तर दोन्ही एकाच घरचे वाटतात. तळहातावर मावणारी खुसखुशीत वाटी आणि आत अंड्याचं पिवळं सारण. पण नीट बघा. पहिल्यावर काळपट डाग आहेत, दुसरा आरशासारखा तुकतुकीत. हा फरक आचेचा आहे.

लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठात कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग लागे, म्हणून उरलेल्या बलकाची मिठाई होई, असं सांगतात. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि 1837 पासून बेलेंमध्येच एका दुकानात हे टार्ट विकले जाऊ लागले. ते दुकान आजही चालू आहे. दान ताताचं मूळ मात्र इंग्रजांच्या कस्टर्ड टार्टात आहे. ‘तात’ हा शब्दच ‘टार्ट’वरून आलेला. दक्षिण चीनमधल्या ग्वांगझौ शहरातून तो हाँगकाँगच्या चहाघरांत स्थिरावला. हाँगकाँगजवळच्या, पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या मकावचा डागाळलेला टार्ट तर अगदी अलीकडचा. 1989 मध्ये मकावच्या कोलोआन भागात अँड्र्यू स्टो या इंग्रज गृहस्थांनी तो सुरू केला.

आता कृतीकडे वळू. चिरोटे करणाऱ्यांना नाताची वाटी लगेच समजेल. मैद्याच्या पोळीत लोणी घालून घड्या घालायच्या, शेवटी घट्ट वळकटी करून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे. कापलेली बाजू वर ठेवून तुकडा साच्यात बसवा आणि ओल्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत न्या. तळ पातळ हवा, नाहीतर तो कच्चा राहतो. चिनी वाटीत साट्यासारखं तुपाळ पीठ दुसऱ्या पिठात गुंडाळून लाटतात आणि गोल चकत्या कापतात, म्हणून पदर आडवे पडतात. तिथे पारंपरिक स्निग्ध पदार्थ म्हणजे डुकराची चरबी. लोण्याची, बिस्किटासारखी बिनपदराची वाटीही तितकीच चालते.

बारा नातांसाठी 250 मिलिलिटर दूध, 30 ग्रॅम मैदा, सहा बलक, 200 ग्रॅम साखर आणि 120 मिलिलिटर पाणी घ्या. साखरपाण्यात दालचिनी आणि लिंबाची साल टाकून पाक करा आणि एकतारी होण्याच्या जरा आधी उतरवा. दुधात मैदा शिजवून घट्ट करा, त्यात पाक धारेने घाला, कोमट झाल्यावर बलक मिसळा आणि गाळा. मैद्यामुळेच हे सारण भट्टीची कडक आच सोसतं, बलक फाटत नाही. दुकानांतल्या भट्ट्या 300 अंशांच्या आसपास असतात. घरचा ओव्हन 250 वर अर्धा तास तापवा आणि ट्रे वरच्या खणात ठेवा. आच कमी पडली तर डाग पडेपर्यंत सारण कोरडं होतं.

दान तातात मैदा नाही, अख्खी अंडी आहेत. 75 ग्रॅम साखर 150 मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून पूर्ण गार करा, मग दोन अंडी आणि 80 मिलिलिटर इव्हॅपोरेटेड मिल्क, म्हणजे डब्यातलं बिनसाखरेचं आटवलेलं दूध, मिसळा. फेटू नका, नुसतं ढवळा. दोनदा गाळा आणि वरचा फेस चमच्याने काढा, कारण एक बुडबुडाही पृष्ठभागावर खड्डा पाडतो. 200 अंशांवर दहा मिनिटं झाली की आच 180 वर आणा. सारण टम्म फुगू लागलं की समजा आच जास्त झाली. लगेच ओव्हनचं दार इंचभर उघडा, नाहीतर ते गार होताना खचतं आणि सुरकुततं. टूथपिक मध्यभागी उभी राहिली की बाहेर काढा.