मैदान रिकामं का?

(दृश्य: महाविद्यालयाचं मैदान, दुपारचे बारा.)

आवारात विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गर्दी असते ती याच वेळी, आणि मैदान नेमकं याच वेळी ओस पडलेलं असतं. मराठवाडा, विदर्भात मार्चनंतर या उन्हात धावायला सांगणंही धोक्याचं. मुलं आळशी झाली, असं म्हणून विषय संपवण्याआधी त्यांचं वेळापत्रक बघा.

विज्ञान शाखेची विद्यार्थिनी घ्या. सकाळी तास, दुपारी प्रॅक्टिकल, ७५ टक्के हजेरीची अट. पाचला सुटल्यावर मैदानावर संघाचा सराव चालू असतो. तो संपेपर्यंत अंधार पडतो आणि मैदानाला दिवे नसतात. त्यातच खानावळीची वेळ होते आणि वसतिगृहाचं फाटक बंद व्हायची घाई असते. पहाटे जावं, तर रात्री जर्नल पूर्ण करत जागरण झालेलं. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कुलूप, पाळीच्या दिवसांत तर प्रश्नच मिटला. मुलगी एकटी धावायला लागली की कट्ट्यावरच्या नजरा तिच्यामागे फिरतात. यातली एकही अडचण तिच्या इच्छाशक्तीने सुटणारी नाही.

आणि जिमखाना? त्याचं शुल्क प्रवेशाच्या वेळी सगळेच भरतात. बॅट, नेट, चेंडू मात्र बहुतेक ठिकाणी निवड झालेल्या खेळाडूंनाच मिळतात. हे अन्यायाचं आहे, आणि त्याबद्दल लेखी मागणी करायला हवी: आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी तासभर मैदान सर्वांसाठी खुलं, साहित्य ओळखपत्रावर, दोन दिवे आणि उघडं स्वच्छतागृह.

(दृश्य: जिना चढणारे विद्यार्थी.)

गरज किती? जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणताना दम लागतो. ही मिनिटं सलग असायची गरज नाही. बसचा एक थांबा आधी उतरून दहा मिनिटं झपाझप चाललं आणि परत जातानाही तेवढंच, की आठवड्याच्या पाच दिवसांत १०० मिनिटं होतात. उरलेली ५० रविवारच्या टेकडीवर निघतात. जोर, बैठका खोलीत होतात. जमिनीवर जोर जमत नसतील तर हात भिंतीला टेकवून सुरुवात करावी.

मुलं सोडून देतात ती बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच. पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर चार किलोमीटर धावतात आणि मग नडग्या ठणकायला लागतात. दमसास लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध (स्नायू हाडांना जोडणारे दोर) मागे राहतात. त्यांना आठवडे लागतात. म्हणून एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या, एक दिवसाआड, शक्यतो मातीवर. पुढच्या आठवड्यात धावणं फक्त अर्ध्या मिनिटाने वाढवायचं. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर तीव्र दुखत असेल, तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

परीक्षेच्या तीन आठवड्यांत सगळं बंद पडतं. तेव्हा दर तासाच्या अभ्यासानंतर पाच मिनिटं जिना चढउतार ठेवावा. निकालाची वाट न बघता, शेवटच्या पेपरनंतरच्या सोमवारी आधीच्या निम्म्या फेऱ्यांपासून पुन्हा सुरुवात करावी.