कोळिणीचं बाळंतपण

मघाशी चहा घेताना एकानं विचारलं, "चावत नाहीत का हो ते?" चावतात. पण टॅरंटुलाची, म्हणजे त्या मोठ्या केसाळ कोळ्यांची, वीण करताना चावा ही शेवटची काळजी असते. धोका जास्त कोळ्यालाच असतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्या उतावीळपणामुळे असतो. आज बोलायचं आहे ते त्याबद्दल.

एक खुलासा आधीच करतो. 'टॅरंटुलाची मादी' असं दर वाक्यात म्हणत बसलो तर रात्र होईल, म्हणून मी सरळ 'कोळीण' म्हणणार आहे. कोकणातल्या मंडळींना पापलेट आठवलं तर माझा इलाज नाही.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं जर्मनीत, डॉर्टमुंडला होतो. तिथून जवळच हाम नावाचं गाव आहे. तिथे वर्षातून काही वेळा साप, सरडे, कोळी यांचा प्रचंड बाजार भरतो. टेबलांवर श्रीखंडाच्या डब्यांसारखे डबे रचलेले, झाकणांना भोकं पाडलेली आणि प्रत्येक डब्यात आठ पायांचा एकेक ऐवज. तिथे मी मेक्सिकन रेडनी नावाची टॅरंटुला घेतली. काळी कुळकुळीत, गुडघ्यांवर शेंदूर फासल्यासारखी.

डब्यावरच्या चिठ्ठीत 'ब्रॅकिपेल्मा स्मिथी' हे शास्त्रीय नाव लिहिलं होतं. ते चूक निघालं. 2017 साली मेक्सिकोतल्या अभ्यासकांनी या गटाची नव्यानं छाननी केली, तेव्हा कळलं की जगभर 'स्मिथी' म्हणून पाळले जाणारे बरेचसे कोळी प्रत्यक्षात 'हॅमोरी' आहेत. स्मिथी गेरेरो राज्यातली, तर हॅमोरी त्याच्या उत्तरेला कोलिमा, हालिस्को, मिचोआकान या पट्ट्यातली. दिसायला सख्ख्या बहिणी. चिठ्ठीवर विश्वास ठेवून जोडी लावली तर संकर होतो, आणि ती पिल्लं पुढे शुद्ध म्हणून विकली जातात. म्हणून नर आणि मादी कुठून आले याची खात्री नसेल तर जोडी लावूच नका. सुरक्षितपणा तिथून सुरू होतो, चिमटा आणि चष्मा नंतर.

आता कात. कोळीण मोठी झाल्यावरही कात टाकत राहते. बाहेरच्या कवचाबरोबर नराचं वीर्य साठवून ठेवणाऱ्या पिशवीचं अस्तरही निघून जातं. म्हणजे मीलनानंतर अंडी घालायच्या आत तिनं कात टाकली, की ती पुन्हा कोरी. मला हे वाचून माहीत होतं, पण तिनं शेवटची कात कधी टाकली याची नोंद मी ठेवली नव्हती. मीलन झालं, पाच महिने मी तिला रातकिडे चारले, ती टम्म फुगली. एका सकाळी पाहतो तर बाई पाठीवर उताण्या पडून कात टाकतायत. सगळं मुसळ केरात. तेव्हापासून माझ्याकडे वाण्याच्या खातेवहीसारखी वही आहे. कात पडल्यावर कवच टणक होऊ द्यायचं, दोन-तीन महिने पोटभर खाऊ घालायचं, मगच नराचं नाव काढायचं.

नराची गोष्ट जरा करुण आहे. कोळीण पंचवीस-तीस वर्षं जगू शकते. नर काही वर्षांत वयात येतो, शेवटची कात टाकतो आणि मग त्याच्याकडे साधारण वर्षभर उरतं. या शेवटच्या कातीनंतर त्याच्या पुढच्या पायांवर आतल्या बाजूला हुकासारखे आकडे दिसतात आणि तोंडाजवळच्या दोन आखूड पायांची टोकं बोंडासारखी होतात. मग तो एक लहानसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि ती बोंडं त्यात बुडवून भरून घेतो. हे झालेलं नसताना त्याला मादीकडे नेणं म्हणजे शाई न भरता पेन परीक्षेला नेणं.

मादीच्या पेटीत सोडल्यावर नर जमिनीवर पाय बडवतो. ऐकू येतं बरं का, टेबलावर बोटांनी ताल धरावा तसं. तिनं उलट ताल दिला तर सूत जमलं. तो पुढे होतो, आकड्यांत तिचे विषदंत अडकवतो, तिला वर उचलून धरतो आणि काम उरकतो. मग पळतो. या पळण्याच्या क्षणी तुम्ही फोनवर असलात तर नर गेला. हातात लांब चिमटा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हवा, दोघांच्या मध्ये सरकवायला. मादी आदल्या दिवसापर्यंत नीट जेवलेली हवी. आणि पेटी टेबलावर नको, जमिनीवर ठेवा. जड कोळीण हातभर उंचीवरून पडली तरी तिचं पोट फुटू शकतं.

माणसाच्या बाजूनं सांगायचं तर अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरंटुलांच्या पोटावर खाजकुइलीच्या शेंगेसारखी लव असते. कोळीण चिडली की मागच्या पायांनी ती उडवते. हाताला खाज सुटते, तिचं काही नाही. डोळ्यात गेली तर मात्र ते काटेरी केस बुबुळात रुततात आणि डॉक्टरला सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काढत बसावं लागतं. म्हणून अंड्यांची पिशवी काढताना डोळ्यांवर चष्मा हवा. मी आधी हसायचो, आता घालतो.

ही पिशवी म्हणजे रेशमी चेंडू. कोळीण तो कवटाळून बसते, अधूनमधून फिरवते. काही जण महिन्याभरानं तो काढून घेतात आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमानात स्वतः फिरवत बसतात. दमटपणा कमी पडला तर अंडी सुकतात, जास्त झाला तर बुरशी. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा आईकडेच राहू द्या. पेटीजवळ फार फिरकू नका, नाहीतर बिथरून ती स्वतःच अंडी खाऊन टाकते.

मग पिल्लं. माझ्या दुसऱ्या प्रयत्नात चारशेच्या वर निघाली. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून चारशे डब्या, चारशे चिमूट कोकोपीट, आणि खायला पिकल्या केळ्यावर घोंगावतात ती चिलटं. बायकोनं स्वयंपाकघरातलं एक कपाट दिलं आणि महिनाभर त्या बाजूला पाहिलं नाही. चारशे घरं आधी शोधा, मग जोडी लावा.

आता आपल्याकडचं. रेडनी 1985 पासून साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या आणि श्रीलंकेच्या झाडांवर राहणारे 'पोसिलोथेरिया' 2019 मध्ये त्यात आले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी बाळगणाऱ्यानं नोंद करायची, पिल्लं झाली तर जन्माची, मेली तर मृत्यूची. थोडक्यात, कोळ्याचंही आता जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय आहे. आणि रानातून उचलणं तर नकोच. आंध्रातल्या गुत्तीचा निळा कोळी, पोसिलोथेरिया मेटॅलिका, 1899 साली शास्त्रात नोंदला गेला आणि पुढे शंभर वर्षं कुणाला सापडला नाही. 2001 मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा दिसला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि युरोपातल्या घराघरांत मात्र त्याची पिल्लं मिळतात. पाळीव वीण नीट झाली तर रानातल्या झाडाच्या ढोलीत हात घालायचं कारण कमी होतं, हे खरं. पण त्या पिल्लांमुळे त्याचं जंगल परत येत नाही, हेही खरं.

मगाशी एक राहिलं. नर कुठून आणायचा? तिकडे जर्मनीत शेत अर्धेलीनं द्यावं तसा नर देतात. त्याचा नर, तुमची मादी, पिल्लं निम्मी-निम्मी. माझा नर ब्रेमेनच्या एका म्हाताऱ्यानं थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या टिश्यूत गुंडाळून पाठवला होता. मीलनानंतर तो जिवंत राहिला, म्हणून मी तो तसाच परत पाठवला. म्हाताऱ्याचं उत्तर आलं: नर पोचला, पण चार दिवसांनी मेला, म्हातारपणानं. दोनशे पिल्लं मात्र वेळेवर पाठवा.