रोमच्या पाण्याचा न जुळणारा हिशोब

नमस्कार, श्रोतेहो.

इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्व्हाने रोम शहराचं पाणीखातं सेक्स्टस ज्युलियस फ्रॉन्टिनस याच्या हाती सोपवलं. हा माणूस आधी कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी झालेला, ब्रिटन प्रांताचा कारभार पाहिलेला. अशा मानाच्या जागी बसल्यावर काम हाताखालच्यांवर सोडून देण्याची रीत होती. फ्रॉन्टिनसने मात्र आल्या आल्या दप्तर मागवलं. तेव्हा रोमला नऊ जलवाहिन्या होत्या. दप्तरात त्यांची एकूण आवक होती १२,७५५ क्विनारिया, आणि वाटप होतं १४,०१८. म्हणजे जेवढं पाणी आलं, त्यापेक्षा १,२६३ क्विनारिया जास्तच वाटलं गेलं होतं!

क्विनारिया म्हणजे सव्वा अंगूळ व्यासाच्या, आपल्या हिशोबाने सुमारे २.३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून अखंड वाहणारं पाणी. फ्रॉन्टिनस स्वतः उगमांपर्यंत गेला आणि त्याने प्रत्येक वाहिनीचं माप घेतलं. मार्सिया या जलवाहिनीची दप्तरी नोंद होती २,१६२ क्विनारिया. उगमापाशी भरल्या ४,६९०. सगळ्या वाहिन्या धरून सुमारे दहा हजार क्विनारिया नोंदीपेक्षा जास्त निघाल्या. पाणी कमी नव्हतंच. ते वाटेत मुरत होतं, आणि सगळं काही जमिनीत मुरत नव्हतं.

त्याच्या मोजणीत एक कच्चा दुवा आहे, तो आधीच सांगतो. त्याने प्रवाहाची रुंदी आणि खोली मोजली, वेग मोजला नाही. पाणी जोरात असेल तर त्याच मापातून जास्त जातं, हे त्याला कळत होतं आणि त्याने तसं लिहूनही ठेवलंय. पण वेग आकड्यात बसवायचं साधन त्याच्यापाशी नव्हतं. म्हणून त्याच्या क्विनारियांचे आज कोणी ठामपणे लिटर करून सांगितले, तर जरा सावध राहावं.

आता या वाहिन्या होत्या कशा, ते पाहू. रोमन जलवाहिनी म्हटलं की उंच कमानी डोळ्यांपुढे येतात. मार्सियाची लांबी ९१ किलोमीटर. त्यातले सुमारे ८० किलोमीटर जमिनीखालून, उरलेले अकरा जमिनीवरून. ख्रिस्तपूर्व ३१२ मधली पहिली वाहिनी, अपिया, तर जवळजवळ पूर्णच जमिनीखाली होती. जमिनीखालचं पाणी गार राहतं, शत्रूच्या नजरेला पडत नाही आणि बांधकामही स्वस्तात होतं. शहराजवळ सखल मैदान लागलं, की उंची टिकवण्यासाठी नाइलाजाने कमानी उभारायच्या. पंप कुठेच नाही. उगमापासून हौदापर्यंत सगळं काम उताराचं.

हा उतार किती नाजूक असायचा? आजच्या फ्रान्समधल्या नीम शहराची वाहिनी घ्या. लांबी सुमारे ५० किलोमीटर आणि एवढ्या अंतरात एकूण उतार जेमतेम साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरमागे सरासरी २५ सेंटिमीटर. उतार जास्त झाला तर पाणी गिलावा खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. उतार काढायला त्यांच्याकडे कोरोबातेस नावाची मोठी पाणसळ होती. विट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने तिची रचना दिली आहे: वीस फूट लांब फळी, दोन्ही टोकांना पाय, पायांशी जोडलेल्या तिरप्या पट्ट्यांवर उभ्या रेषा आणि वरून सोडलेले ओळंबे. ओळंब्याची दोरी रेषेवर बसली की फळी सपाट. वारा सुटला तर ओळंबे हलतात. म्हणून फळीच्या वरच्या अंगाला पाच फूट लांब, एक अंगूळ रुंद आणि दीड अंगूळ खोल खाचण. तिच्यात पाणी भरायचं. पाणी दोन्ही काठांना सारखं टेकलं की झालं.

वीस फुटांची ही फळी उचलत, मांडत डोंगरदऱ्यांतून पन्नास किलोमीटर जायचं! प्रत्येक मांडणीला केसभर चूक झाली तर शेवटी काय होईल, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

चुका व्हायच्याही. आजच्या अल्जीरियातल्या साल्दे गावासाठी डोंगरातून बोगदा खणायचा होता. नोनियस दातुस हा तिसऱ्या ऑगस्टा लीजनचा, म्हणजे रोमन सैन्यदलाचा पातळीमापक. त्याने आखणी करून दिली आणि तो आपल्या छावणीत परतला. बोगदा दोन्ही तोंडांनी खणायला घेतला होता. काही वर्षांनी साल्देहून निरोप आला, की या आणि काय ते बघा. वाटेत दरोडेखोरांनी नोनियसला लुबाडलं, अंगावरचे कपडे काढून घेतले आणि जखमी केलं. तो कसाबसा पोचला, तर गावकरी रडकुंडीला आलेले. दोन्ही बाजूंच्या खोदाईची बेरीज डोंगराच्या जाडीपेक्षा जास्त भरली होती आणि बोगदे एकमेकांना भेटलेच नव्हते. वरच्या बाजूची टोळी आपल्या उजवीकडे सरकली होती, खालची टोळी आपल्या उजवीकडे. दोघी समोरासमोरून येत होत्या, तेव्हा दोघींचं उजवं म्हणजे विरुद्ध दिशा. आखलेल्या सरळ रेषेवर लक्ष न ठेवल्याचा हा परिणाम.

नोनियसने पुन्हा आखणी केली, नौदलाचे सैनिक आणि डोंगरी पलटणीचे सैनिक यांच्यात चढाओढ लावली आणि बोगदा आरपार नेला. ही सगळी हकिगत त्याने दगडावर कोरून ठेवली. वर तीन शब्द आहेत: धीर, कर्तबगारी, आशा. चूक माझी नव्हती, हे कोरायला मात्र तो विसरला नाही. तो बोगदा ४२८ मीटरचा आहे.

पाट बांधायचा तो दगडी किंवा काँक्रीटचा. आतून चुन्यात कुटलेली विटा-कौलं घालून गिलावा, म्हणजे आपले जुने गवंडी ज्याला सुरखी म्हणतात तसा. हा गिलावा पाणी धरतो. तळ आणि भिंत मिळते त्या कोपऱ्याला काटकोन सोडायचा नाही, तिथे याच मालाची गोल वळकटी बसवायची, कारण चीर पहिली तिथेच जाते. पाट माणूस आत शिरून काम करू शकेल एवढा. नीमचा सुमारे सव्वा मीटर रुंद आणि पुरुषभर उंच. बोगद्यांवर उभ्या विहिरी, विट्रुव्हियसच्या मते दर १२० फुटांवर एक.

माणूस आत शिरणं गरजेचंच होतं. डोंगरातलं पाणी जड. त्यातला चुना भिंतींवर थरावर थर बसत जातो. नीमच्या पाटात काही ठिकाणी प्रत्येक भिंतीवर ४० सेंटिमीटरहून जास्त जाड थर साचलेला आहे. सव्वा मीटरच्या पाटात दोन्हीकडून एवढा थर आला की उरतं काय? शिवाय झाडांची मुळं. त्यासाठी कायदा होता: उगम, कमानी आणि भिंती यांच्या दोन्ही बाजूंना १५ फूट जागा मोकळी ठेवायची, जमिनीखालच्या पाटाला ५ फूट. तिथे झाड नाही, थडगं नाही, घर नाही. मुद्दाम पाणी घाण करणाऱ्याला दहा हजार सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, दंड.

दुरुस्तीचे नियम मला सगळ्यांत शहाणपणाचे वाटतात. चुन्याचं काम १ एप्रिल ते १ नोव्हेंबर याच काळात करायचं आणि त्यातही ऐन उन्हाळ्यात थांबायचं. चुन्याला सावकाश पाणी पिऊन धरायला सौम्य हवा लागते. कडक ऊन त्याचं थंडीइतकंच नुकसान करतं. एका वेळी एकच वाहिनी बंद करायची. आणि बंद करणं शक्यच नसेल तिथे मोडक्या भागावरून तात्पुरती शिशाची पन्हळ टाकून पाणी पुढे काढून द्यायचं.

या कामाला ७०० गुलाम होते. ऑगस्टसचा जावई अग्रिप्पा याने मागे ठेवलेली २४० जणांची टोळी आणि सम्राट क्लॉडियसने उभारलेली ४६० जणांची. मुकादम, हौदांचे राखणदार, गस्तीवाले, फरशी उकरून पुन्हा बसवणारे, गिलावेवाले अशी कामांची वाटणी. कागदावर झकास. प्रत्यक्षात हे लोक लाच घेऊन खासगी कामांवर जायचे. फ्रॉन्टिनसने उपाय केला तो साधा: उद्या कोणती टोळी काय करणार ते आदल्या दिवशी लिहायचं आणि आज काय केलं ते रोजच्या रोज नोंदवायचं.

आणि पाणीचोरी. खासगी जोडणी मिळायची ती सम्राटाच्या परवानगीने आणि फक्त हौदातून. हौदाच्या भिंतीत कॅलिक्स नावाची काशाची नळी बसवायची, किमान १२ अंगूळ लांब. शिसं मऊ, ठोकून रुंद करता येतं. कासं दाद देत नाही. तिच्यावर मापाचा शिक्का, आणि तिच्यापुढची पहिली ५० फूट शिशाची नळीही त्याच मापाची. हे पन्नास फूट का? कॅलिक्स बरोबर मापाचा ठेवून लगेच पुढे रुंद नळी जोडली, तर पाणी जास्त ओढलं जातं. कॅलिक्स खालच्या पातळीला बसवला तरी जास्त येतं, प्रवाहाकडे तोंड करून बसवला तरी जास्तच. म्हणून सगळे एका रेषेत, सरळ आणि सपाट.

यातली प्रत्येक पळवाट फ्रॉन्टिनसला वापरात सापडली. शिक्का नसलेले कॅलिक्स होते. शिक्का मोठ्या मापाचा, असेही होते. पाण्याचा हक्क माणसाला मिळायचा, जमिनीला नाही. मालक बदलला की नवी परवानगी. मग पाणीवाले काय करायचे? नव्या मालकासाठी हौदाला नवं भोक पाडायचं आणि जुनं तसंच उघडं ठेवून त्याचं पाणी विकायचं. शहरभर फरशीखालून सार्वजनिक नळांना भोकं पाडून दुकानांना चोरून पाणी जायचं आणि या भोकांवर लक्ष ठेवायला चक्क एक वेगळा माणूस नेमलेला होता. असल्या जोडण्या उपटल्यावर शिसंही भरपूर हाती लागलं, असं फ्रॉन्टिनस म्हणतो.

शिशाची नळी बनायची अशी: शिशाचा पत्रा ओतायचा, दहा फुटांपेक्षा कमी लांब नको, तो गोल वळवून सांधा डागून बंद करायचा. मापाचं नाव वळवण्याआधीच्या पत्र्याच्या रुंदीवरून. शंभर अंगूळ रुंद पत्र्याच्या दहा फुटी नळीचं वजन १,२०० रोमन पौंड, पाच अंगुळांच्या नळीचं ६०. शिसं प्रकृतीला वाईट, हे विट्रुव्हियसला ठाऊक होतं. शिसं ओतणाऱ्या कारागिरांचे चेहरे फिके पडतात, असा त्याचा दाखला आहे आणि तो मातीच्या नळ्या वापरायला सांगतो. पण शिशाच्या नळांनी रोमन साम्राज्य बुडवलं, हे म्हणणं फार ताणलेलं. पाणी अखंड वाहतं होतं आणि नळाला आतून चुन्याचा थर चढत होता.

सामान्य रोमकराच्या घरात मात्र नळच नव्हता. चार-पाच मजली चाळींत राहणारे लोक कोपऱ्यावरच्या हौदावरून पाणी वाहून न्यायचे. पॉम्पेईत असे चाळीसेक कारंजी-हौद सापडले आहेत, त्यांच्या दगडी कडा हात टेकून टेकून झिजलेल्या. वाटेत सुमारे सहा मीटर उंचीचे मनोरे, वर शिशाची टाकी. उंचावरून येणाऱ्या पाण्याचा जोर तिथे मोडायचा, नाहीतर खालच्या नळांचे सांधे फुटले असते. हौदांतून ओसंडलेलं पाणी रस्ते आणि गटारं धुऊन नदीला मिळायचं.

इसवी सन ५३७ मध्ये गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या सैन्याने रोमला वेढा घातला आणि जलवाहिन्या तोडल्या. पिण्यापुरतं पाणी विहिरी आणि टायबर नदीतून मिळालं. स्नानगृहं बंद पडली. मोठी अडचण पिठाची झाली, कारण यानिक्युलम टेकडीवरच्या गिरण्या वाहिनीच्या पाण्यावर फिरत. शहर राखणाऱ्या सेनापती बेलिसारियसने पुलाखाली, जिथे धार जोराची असते तिथे, दोन होड्या दोन फुटांच्या अंतराने दोरांनी बांधल्या, दोन्हींवर जाती बसवली आणि मधल्या फटीत पाणचक्की सोडली. मग अशा जोड्या एकामागे एक लावत नेल्या. गॉथांनी चाकं मोडायला वरच्या अंगाने झाडांचे ओंडके आणि प्रेतं सोडली. तेव्हा त्याने पुलापाशी नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत लोखंडी साखळ्या ताणल्या. येईल ते साखळीला अडायचं, माणसं ते काठावर ओढून काढायची, आणि दळण चालू राहायचं.