आंबा थांबत नाही

नमस्कार श्रोतेहो, आणि आमच्या मंडळीतल्या सगळ्यांना सलाम.

मे महिना तोंडावर आलाय. पुण्यातल्या चर्चमधल्या महिला मंडळांत आता याद्या सुरू झाल्या असतील. कुणी नंदुरबारकडे निघालंय, कुणी मेळघाटात, कुणी पालघरच्या पाड्यांवर. औषधांची पेटी, मुलांसाठी रंगीत खडू, गाण्यांची पुस्तकं, शिवणाचं सामान. ही तयारी तुम्हाला पाठ आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते मिशन ट्रिपमधल्या मैत्रीबद्दल. आपण शहरातल्या बायका वेगळ्या बोलीच्या, वेगळ्या रीतीच्या घरी जातो. तिथल्या बाईशी आपलं मैत्र जुळतं ते कशामुळे? माझं म्हणणं एका ओळीचं आहे. आधी घ्या, मग द्या. ऐकताना निसटू नये म्हणून पुन्हा सांगते. आधी घ्या, मग द्या.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय आपण कितीदा तरी वाचलाय. शोमरोनी बाई विहिरीवर येते. यहुदी माणसानं तिच्याशी बोलणंसुद्धा त्या काळी रीतीबाहेरचं. येशू पुढे तिच्याशी खूप बोलला, पण सुरुवात केली ती पाणी मागून. तो दमलेला होता, आणि पोहरा त्याच्याकडे नव्हता. तुझ्याकडे काहीतरी आहे आणि मला ते हवंय, इथून ते बोलणं सुरू झालं.

आपल्या पुण्याशी बांधलेली एक मैत्री मला यावरून नेहमी आठवते. आनंदीबाई जोशी डॉक्टर म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. मला त्यांची आठवण येते ती कार्पेंटरबाईंमुळे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर. एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं, बायकोच्या शिक्षणाबद्दलचं पत्र छापून आलं होतं. ते या बाईंच्या वाचनात आलं आणि १८८० साली त्यांनी समुद्रापलीकडच्या एका अनोळखी मुलीला पत्र घातलं. पुढं वर्षानुवर्षं नुसती पत्रंच. तोंड पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा पहिल्यांदा राहिल्या त्या या मावशीच्याच घरी. निघण्याआधी बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत त्यांनी सांगितलं होतं, की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तशाच त्या परत आल्या. मावशी श्रद्धावान ख्रिस्ती, भाची आपल्या धर्मावर ठाम, आणि माया कुठं कमी झाली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात वारल्या, तेव्हा गोपाळरावांनी त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ती आहे. आपल्या घरच्या माणसांत तिला जागा दिली त्या बाईनं. मिशनच्या कामाला जाणाऱ्या प्रत्येक बाईला ही गोष्ट माहीत असायला हवी असं मला फार वाटतं.

आणि ज्या पुण्यात त्या वारल्या, त्याच पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पुढारी मंडळींपुढं चहा आला. टिळक होते, रानडे होते. त्या एका चहावरून गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. दुसऱ्याच्या हातचं घेणं केवढी मोठी गोष्ट होती बघा. मी म्हणते, आजही ती तेवढीच मोठी आहे.

आता मी तुम्हाला मोलगीकडची गोष्ट सांगते. ही गोष्ट मी जिथं जाते तिथं सांगते.

नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याचा डोंगर. पुण्याहून रात्रीच्या एसटीनं आम्ही निघालो. एसटीच बरी, मी कुणालाही हेच सांगते. एसटीत शेजारची बाई विचारते, कुठं निघालात, आणि तिथूनच माणसं जोडायला सुरुवात होते. खासगी गाडीत पडदे ओढून सगळे झोपतात. असो. मोलगीच्या पुढं एका पाड्यावर आपली छोटी ख्रिस्ती मंडळी आहे, पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. आमचा कार्यक्रम ठरलेला होता. सकाळी मुलांची बायबल शाळा, मग बायकांसाठी आरोग्याचा वर्ग, दुपारी शिवण. आमच्यात एक निवृत्त मेट्रनबाई होत्या. सगळा जन्म दवाखान्यात गेला, नर्सिंगच्या मुलींच्या किती तुकड्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. आरोग्याचा वर्ग त्या घेणार होत्या. तक्ते, औषधं, रक्तदाब मोजायचं यंत्र, सगळं मांडून बसल्या.

मुलं आली. बाई एकही आली नाही.

पाळकांच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या, पत्नीला विचारलं, तर ती म्हणाली, “सगळ्या आंब्याखाली आहेत. आंबा थांबत नाही, ताई.”

त्या भागात एप्रिल-मे म्हणजे आमचूराचे दिवस. कैरी उतरवायची, सोलायची, कोय सोडून तिचे काप काढायचे आणि खडकावर उन्हात वाळत घालायचे. मोलगीच्या आणि धडगावच्या बाजारात व्यापारी ते घेतात. काप पांढरा राहिला तर भाव चांगला, ओल लागून काळा पडला की भाव पडला. पावसाळ्याच्या तोंडाशी घरात जो पैसा येतो त्यातला बराचसा हाच. आणि शाळांना सुट्टी असते म्हणून आपल्या मिशन ट्रिपा नेमक्या याच दिवसांत.

मेट्रनबाईंनी तक्ते गुंडाळून ठेवले, पदर खोचला आणि सरळ आंब्याखाली जाऊन बसल्या. शेजारी एक म्हातारी बसली होती, त्या घरातली सगळ्यांत मोठी. तिला मराठी थोडी कळायची, बोलता येत नव्हती. आश्रमशाळेत शिकणारी तिची नात मध्ये बसली होती, ती आमचं तिला सांगायची आणि तिचं आम्हाला. मेट्रनबाईंनी चाकू मागितला आणि सोलायला घेतलं. दोन कैऱ्या झाल्या असतील नसतील, म्हातारीनं त्यांच्या हातातली तिसरी काढून घेतली. काही बोलली नाही. साल कशी पातळ काढायची ते करून दाखवलं आणि कैरी परत हातात दिली. साल जाड निघाली की तेवढा गर वाया, तेवढं आमचूर कमी. मेट्रनबाई मान खाली घालून तसं करायला लागल्या. म्हातारी मधूनमधून बघायची. जमलं की हूं म्हणायची, नाही जमलं की पुन्हा कैरी काढून घ्यायची. ज्यांच्यापुढं आख्खा वॉर्ड उभा राहायचा त्या आमच्या मेट्रनबाई त्या हूंची वाट बघत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही बाकीच्याही एकेक करून बसलो. गाणी झाली. आधी त्यांची, मग आमची, मग दोघींनाही येणारं एक भजन.

दुपार कलली आणि वळवाचं आभाळ आलं. बायका उठून पळाल्या, कारण काप सगळे उघड्या खडकावर. पोरं, म्हातारी, पाळक, सगळे गोळा करायला धावले. झाकायला ताडपत्री अपुरी पडली, तेव्हा आम्ही अंथरायला नेलेल्या चादरी काढल्या आणि त्यांत भरभरून काप घरात नेले. थेंब पडायला लागले तेव्हा शेवटची चादर दारातून आत येत होती.

त्या रात्री मेट्रनबाईंचे हात भाजल्यासारखे झाले. कैरीचा चीक लागलेला, दिवसभराचं आंबट पाणी, बोटांची कातडी उलली होती. आमच्या पेटीत मलम होतं, चांगलं होतं. मी ते काढायला उठले, तर त्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं. कारण म्हातारी मोहाच्या बियांचं तेल घेऊन आली होती. तिनं मेट्रनबाईंचे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकेका बोटाला तेल चोळत बसली. चोळता चोळता नातीकडून विचारलं, तुला पोरं किती? मेट्रनबाईंनी लग्न केलेलं नाही. त्या म्हणाल्या, धाकटी भावंडं वाढवली, त्यात वय गेलं. म्हातारी म्हणाली, मग तीच तुझी पोरं. कित्येक वर्षं एका चर्चमध्ये शेजारी शेजारी बसून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं.

आणि आता पुढचं ऐका. म्हातारीची सून पोटुशी होती, आठवा महिना. दिवसभर आमच्यासमोर कामात, अवाक्षर बोलली नाही. सासूनं तेल लावून झाल्यावर तीच पुढं आली आणि पाय पुढं केले. पाय सुजले होते. मेट्रनबाईंनी नडगीवर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. डोकं दुखतं का विचारलं, हो म्हणाली, चार दिवस झाले. रक्तदाब घेतला तर फार चढलेला. गरोदरपणात रक्तदाब चढला, अंगावर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, तर थांबायचं नसतं. त्यातून झटके येतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. श्रोत्यांमध्ये ज्या घरात पोटुशी मुलगी असेल त्यांनी हे लक्षात ठेवा. सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, लगेच दवाखाना. पाड्यावरची जीप त्याच रात्री काढली, मेट्रनबाई तेलकट हातांनिशी तिच्याबरोबर मोलगीच्या दवाखान्यात गेल्या, तिथून पुढं तिला नंदुरबारला नेलं. बाळ लवकर आलं, लहान होतं, पण दोघंही सुखरूप घरी आली.

वर्गात ती मुलगी बोलली असती का? आरोग्य वर्गाचं महत्त्व मी कमी करत नाही, तो घ्यायलाच हवा. पण सासूनं जिचे हात मांडीवर घेतले, तिच्यापुढं सुनेनं पाय केले. आधी घ्या म्हणते मी, ते यासाठी.

जुन्या कपड्यांबद्दलही बोलते, फार दिवस मनात आहे. उसवलेले, विटलेले कपडे गाठोडी बांधून पाड्यांवर नेणं कृपा करून बंद करा. आपल्या जावेला जे देणार नाही ते तिथल्या बहिणीला देऊ नका. आणि लेकरांना कडेवर घेऊन फोटो काढता, तर आधी त्यांच्या आईला विचारा. तिचं लेकरू आहे ते.

आता जेवणाचं. पंडिता रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहिल्या, १८८३ साली तिथंच त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण शाकाहार त्यांनी सोडला नाही. श्रद्धा एक झाली म्हणून ताट एक होत नाही, आणि व्हायलाही नको. पाड्यावर दादर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ असते, तेलाचा हात आखडता, मिरची सढळ. मनापासून जेवा. कशी केली विचारा. आपले डबे त्या वेळी उघडू नका.

नाताळला ती म्हातारी आणि तिची नात पुण्याला आल्या, मेट्रनबाईंच्या घरी, घोरपडीला. करंज्या चालल्या होत्या. म्हातारी जरा वेळ बघत बसली, मग पोळपाट आपल्याकडे ओढला. दुसऱ्या दिवशी दोघींना मार्केट यार्डात नेलं, आमचूराच्या पोत्यांपाशी. म्हातारीनं मूठभर हातात घेऊन वास घेतला, काप मोडून बघितला आणि दुकानदाराला नातीकडून भाव विचारला. घरी आल्यावर नातीनं तो वहीत लिहून घेतला. पुढच्या हंगामात मोलगीच्या व्यापाऱ्याशी बोलताना ती वही बरोबर होती, असं तिनं फोनवर सांगितलं.

तर यंदा ज्या मंडळांना त्या बाजूला जायचंय त्यांच्यासाठी एवढंच. निघायच्या आधी तिथल्या बायकांना फोन करा आणि कैरी कधी उतरवणार ते विचारा. प्रार्थनासभा संध्याकाळी ठेवा, दिवेलागणीनंतर, कारण दिवसभर त्या आंब्याखाली असतात. हाताला लावायला तेल नेऊ नका, तिथं मिळतं. चादरी मात्र जास्तीच्या घ्या. नमस्कार.